न आखलेली रेषा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणत असू. शाळेत सर अनेक होते. पण ‘सरांनी सांगितले आहे’ असे कोणी म्हटले, की कोणत्या सरांनी हे विचारावे लागत नसे. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहण्याइतकी माझी योग्यता नाही, याची मला जाणीव आहे. या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर, गोमंतकाच्या इतिहासावर, शिक्षणपद्धतीवर थोरामोठ्यांची व्याख्याने झाली. मी व्यवसायाने अभियंता. साहित्य हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि ज्याची किंमत थोडीफार मोजली, त्याविषयीच बोलावे असे मी ठरवले.

निमंत्रणपत्रिकेवर ‘परदेशस्थ रग्बीपटू आणि फ्रान्सचे वाहतुकीचे कायदे’ असा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. फुटबॉलवेड्या गोव्यात रग्बीचे काय काम, आणि शाळेत वाहतुकीच्या कायद्यांचे काय प्रयोजन, असे प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्यांचे उत्तर शेवटी आपोआप मिळेल, अशी आशा आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. पंधरा-पंधरा खेळाडूंचे दोन संघ, लंबगोल चेंडू आणि चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रे. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, तो मागेच द्यायचा, आणि तरीही पुढे सरकायचे, असा हा विलक्षण खेळ आहे. आपल्या देशाला तो अगदीच परका नाही. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याच्या शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून त्या ‘कलकत्ता करंडका’साठी झुंजत आले आहेत. आपल्या रुपयांची चांदी अशी त्या खेळात मुरलेली आहे.

फ्रान्समध्ये हा खेळ इंग्रजांनीच नेला. १८७२ मध्ये ल आव्र बंदरातील इंग्रजांनी तो तेथे सुरू केला. १८९२ मध्ये फ्रान्सच्या अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना झाला. त्यात पंच होते पिएर द कुबेर्तँ, म्हणजे पुढे ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन करणारे तेच गृहस्थ. कालांतराने या खेळाने फ्रान्सच्या दक्षिणेत, विशेषतः नैर्ऋत्येत, घट्ट मूळ धरले. तुलूझ, कास्त्र, बेझिए, पेर्पिन्याँ, बायोन ही तेथील रग्बीची गावे. ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची बैठक पॅरिसमध्ये भरली आणि खेळाडूंनी मोबदला घेण्यावरील बंदी उठली. तेव्हापासून न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, फिजी, टोंगा, सामोआ अशा दूरदूरच्या देशांतून खेळाडू फ्रेंच क्लबांकडे उपजीविकेसाठी येऊ लागले. इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन २००९ ते २०१४ अशी पाच वर्षे तुलाँमध्ये खेळला. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी २०२३ मध्ये विश्वचषक जिंकल्यावर पॅरिसच्या क्लबात दाखल झाला.

क्लब अशा खेळाडूला घर देतो, बहुधा मोटारही देतो. त्याच्या हाती किल्ली पडते आणि तेथूनच आजच्या विषयाला सुरुवात होते.

एक गंमत सांगतो. रग्बीचा विश्वचषक १९८७ पासून २०२३ पर्यंत दहा वेळा खेळला गेला. चार वेळा दक्षिण आफ्रिका, तीन वेळा न्यूझीलंड, दोन वेळा ऑस्ट्रेलिया आणि एकदा इंग्लंड विजयी झाले. या चारही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. उजव्या बाजूने वाहने हाकणाऱ्या एकाही देशाला हा चषक अद्याप मिळालेला नाही. फ्रान्स तीन वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. यात चमत्कार नाही. जेथे इंग्रजांची सत्ता गेली, तेथे बहुतेक ठिकाणी त्यांचा खेळ गेला आणि त्यांची डावी बाजूही गेली. सामोआने तर २००९ मध्ये मुद्दाम उजवी बाजू सोडून डावी स्वीकारली. याचा अर्थ असा, की फ्रान्समध्ये येणाऱ्या परदेशी रग्बीपटूंपैकी फार मोठा भाग डाव्या बाजूला सरावलेला असतो. ज्या पावलाच्या, ज्या नजरेच्या सवयीवर त्याचे खेळातले कौशल्य उभे असते, तीच सवय रस्त्यावर त्याच्या विरुद्ध जाते.

हे समजायला गोमंतकीयांना जड जाऊ नये. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोवा मात्र डावीकडेच राहिला. राज्य लिस्बनचे असले तरी शेजार ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. कायदा कोठूनही येवो, शेवटी रस्ता शेजाऱ्याशी जुळवून घ्यावा लागतो, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे.

डाव्या-उजव्याची चूक मात्र फार दिवस टिकत नाही. समोरून येणारे वाहन ती ताबडतोब सुधारते. खरे खाचखळगे निराळेच असतात. ते मला कसे कळले, हे सांगण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी काही महिने तुलूझ येथे राहिलो. विमाने बांधणाऱ्यांचे ते शहर आहे, त्यामुळे आपल्याकडचे अनेक अभियंते तेथे जातात. एका रविवारी दुपारी मी बाजार आटोपून एका जुन्या गावातून परतत होतो. माझा रस्ता चांगला रुंद आणि सरळ होता. उजवीकडून एक अरुंद गल्ली त्याला येऊन मिळत होती. त्या तिठ्यावर पाटी नव्हती, दिवा नव्हता, रस्त्यावर पट्टाही नव्हता. गल्लीतून एक लहानशी मोटार सरळ माझ्यापुढे आली. मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. दोन गाड्यांत हातभर अंतर उरले. मी संतापून भोंगा वाजवला, हातवारे केले. त्या गाडीत एक वृद्ध बाई होत्या. मागच्या आसनावर, पट्टा बांधलेले, तीन-चार वर्षांचे मूल होते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपला उजवा हात वर करून मला दाखवला आणि त्या निघून गेल्या.

त्या हाताचा अर्थ मला कळला नाही. चूक त्यांचीच आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना मी तक्रारीच्या सुरात हकिगत सांगितली. ते तरुणपणी आपल्या गावच्या संघातून रग्बी खेळलेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “चूक तुमची होती. पाटी नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.”

मी म्हणालो, “पण पाटी नव्हती, तर मला कळावे कसे?”

ते हसले. म्हणाले, “रग्बीत ऑफसाइडची रेषा मैदानावर आखलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? ती चेंडूबरोबर सरकत असते. ती कोणी आखत नाही, पण मैदानावरच्या तिसांनाही ती दिसते. ज्याला दिसत नाही, त्याने खेळू नये.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या आसनावरचे ते मूल डोळ्यांपुढून हलेना. मी अपघात केला असता, आणि मीच फिर्यादी म्हणून पोलिसांपुढे उभा राहिलो असतो, हा विचार फार बोचला. कायदा मोडण्याचे भय एकवेळ परवडले. पण कायदा मोडत असताना आपण बरोबर आहोत अशी खात्री असणे, हे त्याहून भयंकर आहे.

उजवीकडून येणाऱ्याला अग्रहक्क हा फ्रेंच वाहतूक संहितेचा मूळ नियम आहे. ही संहिता प्रथम १९२१ मध्ये अस्तित्वात आली. मोठ्या रस्त्यांवर पांढऱ्या काठाची पिवळी चौकट, कोनावर उभी केलेली, दिसली की तो रस्ता अग्रहक्काचा. त्याच चौकटीवर काळी तिरपी रेघ दिसली की तो हक्क संपला. जेथे काहीच लिहिलेले नाही, तेथे मूळ नियम जागा असतो. मग रस्ता रुंद की अरुंद, हे कोणी विचारत नाही. पॅरिसच्या विजयकमानीभोवती बारा रस्ते एकत्र येतात. तेथे आजही आत शिरणाऱ्याला वाट द्यावी लागते. उलट इतर बहुतेक वर्तुळाकार चौकांत आत असलेल्याचा हक्क पहिला असतो. नवख्या माणसाची तेथे काय अवस्था होत असेल, याची आपण कल्पना करावी.

दुसरी अशीच न आखलेली रेषा म्हणजे गावाची पाटी. लाल काठाच्या पांढऱ्या फलकावर गावाचे नाव असते. परक्याला ते केवळ नाव वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो वेगमर्यादेचा फलक असतो. तेथून पुढे, निराळी सूचना नसेल तर, ताशी ५० किलोमीटर. त्याच नावावर तिरपी लाल रेघ असलेला फलक येईपर्यंत हे बंधन चालते. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर २०१८ पासून ८० ची मर्यादा आली. पुढे काही जिल्ह्यांनी आपल्या काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली. महामार्गावर १३०, पण पाऊस असेल तर ११०. पाऊस पडू लागल्यावर फलक बदलत नाही. बदलायचे असते ते आपण.

आता तिसऱ्या खाचखळग्याकडे येतो. रग्बीचा सामना दोन सत्रांचा असतो, हे मी सांगितले. परंतु सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र बसून खाणेपिणे करावे, अशी जुनी रीत आहे आणि फ्रेंच भाषेत तिला ‘तिसरे सत्र’ असेच म्हणतात. ज्याने ऐंशी मिनिटे आपल्याला जमिनीवर लोळवले, त्याच्याच शेजारी बसून पेला उचलायचा, ही रीत मनाला मोठी भावते. तिच्यात खिलाडूपणाचा गाभा आहे. पण तिसऱ्या सत्रानंतर घरी जावे लागते, आणि त्या रस्त्यावर पंच असतो तो पोलीस.

ज्या १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रान्सने वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा दर शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने ठरलेली ८० मिलिग्रॅमची मर्यादा पुढे अनेक दशके चालू राहिली. म्हणजे तेथील खेळाडू आपल्या गावी ज्या अवस्थेत कायद्याने निर्दोष ठरत असे, त्याच अवस्थेत खाडी ओलांडून आला की दोषी ठरे. किंबहुना ८० हा जो आकडा त्याच्या घरी परवानगीची सीमा होता, तोच फ्रान्समध्ये फौजदारी गुन्ह्याची सीमा आहे. त्या आकड्यापासून प्रकरण दंडाच्या पावतीवर मिटत नाही. न्यायालयापुढे जाते आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ही मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे, हेही येथे ध्यानात असू द्यावे.

पण प्रत्येक चूक अज्ञानातून होते असे नाही, आणि तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. न्यूझीलंडचे डॅन कार्टर हे या खेळातील अलौकिक नाव. आंतरराष्ट्रीय कसोटी सामन्यांत १५९८ गुणांचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. २०१५ चा विश्वचषक जिंकून ते पॅरिसच्या एका क्लबात आले आणि २०१६ मध्ये त्या क्लबाने फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये पॅरिसमध्ये मद्यप्राशन करून मोटार चालवताना पोलिसांनी त्यांना अडवले. त्यांच्या नावाचा जाहिरातीसाठी उपयोग करणाऱ्या एका मोटार कंपनीने त्यांच्याशी असलेला संबंध तोडला. न्यूझीलंडमध्येही डिसेंबर २०१४ पासून प्रौढ चालकासाठी ५० मिलिग्रॅमचीच मर्यादा होती. तेव्हा परक्या कायद्याच्या अज्ञानाची सबब त्यांना नव्हती. त्यांनी ती सांगितलीही नाही. स्वतःची चूक झाली, असे उघडपणे म्हणून त्यांनी क्षमा मागितली. मोठ्या माणसाचे मोठेपण चूक न करण्यात असतेच असे नाही, पण सबब न सांगण्यात ते नक्कीच असते.

फ्रान्समध्ये वाहनचालकाच्या परवान्याला १९९२ पासून गुण असतात. पूर्ण परवान्याला बारा. मैदानावर खेळाडूचे गुण वाढत जातात, रस्त्यावर मात्र ते घटतच जातात. हातात भ्रमणध्वनी धरला तर तीन गेले. लाल दिवा ओलांडला किंवा उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली नाही तर चार. मद्याची मर्यादा ओलांडली तर सहा. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला वाट नाकारली तर, २०१८ पासून, तेही सहा. शून्यावर आलेला परवाना रद्द होतो. दोन दिवसांच्या वर्गाला बसून चार गुण परत मिळवता येतात, पण तेही वर्षातून एकदाच.

युरोपीय संघाबाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेल्या माणसाचा मूळ परवाना एक वर्षच चालतो. त्याच्या देशाशी फ्रान्सचा परस्पर-करार असेल तर तो मुदतीत बदलून घ्यावा लागतो. नसेल तर फ्रेंच परीक्षा द्यावी लागते. ज्याने दहा-बारा वर्षे मोटार चालवली, तो त्या परीक्षेनंतर कायद्याच्या लेखी नवशिका ठरतो. नवशिक्याला बाराऐवजी सहाच गुण मिळतात, आणि २०१५ पासून त्याच्यासाठी मद्याची मर्यादा ५० नव्हे तर २० मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करून पाहा. सहा गुणांचा परवाना आणि सहा गुणांचा अपराध. तिसऱ्या सत्रातील एकदोन पेले, आणि परवाना हातचा गेला. खेळाडू सराव, सामना, वैद्य या साऱ्यांसाठी मोटारीवर अवलंबून असतो. फ्रान्समध्ये पूर्ण परवान्याविना चालवता येणाऱ्या, ताशी ४५ किलोमीटरच्या चिमुकल्या मोटारी मिळतात. सव्वाशे किलो वजनाचा आघाडीचा खेळाडू तीत गुडघे हनुवटीला लावून बसला आहे, हे चित्र मनाशी आणले की हसू येते. पण त्या हसण्यामागे एका माणसाची उपजीविका असते.

आणखी एक गोष्ट क्लबाच्या मोटारीची. मोटार संस्थेच्या नावावर असली, आणि वेगाचे छायाचित्र निघाले, तर पूर्वी अनेक संस्था दंड भरून मोकळ्या होत आणि चालकाचे गुण शाबूत राहत. जानेवारी २०१७ पासून हे बदलले. संस्थेने ४५ दिवसांच्या आत चालक कोण होता हे कळवले पाहिजे. न कळवल्यास संस्थेलाच वेगळा दंड होतो. पैसे दुसऱ्याने भरले म्हणून अपराध दुसऱ्याचा होत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. शाळेत वडिलांनी दंड भरला तरी उठाबशा मुलालाच काढाव्या लागत. आपल्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांना ते आठवत असेल.

फ्रेंच लोक एवढे कठोर का झाले? या प्रश्नाचे उत्तर मला माझामे नावाच्या गावाने दिले. तुलूझच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गिरण्यांचे जुने गाव. रग्बीच्या इतिहासात त्याला मान आहे. १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन मालिका जिंकणाऱ्या फ्रेंच संघाचे नेतृत्व करणारे ल्युसियाँ मियास हे माझामेचेच खेळाडू. १९७२ हे वर्ष फ्रान्सच्या रस्त्यांवरील सर्वांत भीषण वर्ष ठरले. त्या काळच्या मोजणीप्रमाणे सोळा हजारांहून अधिक माणसे अपघातांत दगावली. माझामेची लोकसंख्या जवळजवळ तेवढीच होती. १७ मे १९७३ रोजी त्या गावचे लोक घराबाहेर पडले आणि रस्त्यांवर, चौकांत मेल्यासारखे आडवे झाले. म्हातारे, मुले, कामगार, दुकानदार, सारे. दूरचित्रवाणीने ते दृश्य देशाला दाखवले. एका वर्षात रस्त्याने किती माणसे खाल्ली, हे आकड्याने जे कळले नव्हते, ते एका निजलेल्या गावाने कळवले. त्याच वर्षी आसनपट्ट्याची सक्ती आणि वेगमर्यादा यांना सुरुवात झाली. पुढे १९९२ मध्ये गुणांचा परवाना आला, तेव्हा मालमोटारचालकांनी देशभर रस्ते अडवून त्याला विरोध केला. २००३ मध्ये वेग टिपणारी स्वयंचलित यंत्रे आली. २०२३ मध्ये मृतांचा आकडा सुमारे ३२०० वर आला होता. वाहने कितीतरी पटींनी वाढली आणि मृत्यू पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरले. परक्याला जे नियम जाचक वाटतात, त्यांच्या प्रत्येक ओळीखाली त्या देशाने पुरलेली माणसे आहेत.

आणखी एका कायद्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. जुलै १९८५ चा हा कायदा न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने ओळखला जातो. मोटारीने पादचाऱ्याला इजा झाली, तर भरपाई देताना त्या पादचाऱ्याच्या लहानसहान चुका त्याच्याविरुद्ध काढता येत नाहीत. सोळा वर्षांखालील मूल आणि सत्तरी ओलांडलेला वृद्ध यांना तर याहूनही अधिक संरक्षण आहे. ज्याच्या अंगाभोवती लोखंड आहे त्याने, ज्याच्या अंगावर फक्त सदरा आहे त्याची काळजी घ्यावी, असा या कायद्याचा साधा आशय आहे.

मैदानावर ज्याला कोणी हलवू शकत नाही, तोही रस्त्यावर हाडामांसाचाच असतो. जेरी कॉलिन्स हे न्यूझीलंडचे गाजलेले खेळाडू; देशासाठी ४८ कसोटी सामने खेळलेले, पहाडासारखे. ते नारबोन येथे खेळत होते. ५ जून २०१५ च्या पहाटे बेझिएजवळच्या महामार्गावर झालेल्या अपघातात ते आणि त्यांची सहचारिणी मृत्युमुखी पडले. त्यांची तान्ही मुलगी वाचली. कॉलिन्स तेव्हा चौतीस वर्षांचे होते. या प्रसंगात दोष कोणाचा, हे मी बोलत नाही; तो माझा अधिकार नाही. हजारो मैल दूर आलेल्या माणसाचा प्रवास कोठे संपतो, आणि मागे कोण उरते, एवढेच मला त्यातून दिसते.

रग्बीच्या मैदानावर एक शिस्त मला फार आवडली. पंच शरीराने लहानखुरा असतो, खेळाडू दैत्यासारखे. तरीही पंचाशी बोलतो तो फक्त कर्णधार, आणि तोही ‘सर’ म्हणून. निर्णय पटला नाही तरी दहा पावले मागे जाऊन उभे राहायचे. जो खेळाडू ही शिस्त मैदानावर पाळतो, त्याला रस्त्यावरची शिस्त अवघड वाटू नये. अडचण एवढीच असते, की मैदान संपले म्हणजे नियम संपले, असे त्याला वाटते. आणि आपल्या गावाचा नियम तोच जगाचा नियम, असे आपल्या सर्वांनाच वाटते.

मित्रहो, या शाळेचे विद्यार्थी आज आखातात आहेत, लिस्बनमध्ये, लंडनमध्ये, कॅनडात आहेत. रग्बीपटूंसारखेच तेही आपल्या हातातील कौशल्यावर परक्या देशी गेले आहेत. त्यांना माझे एकच सांगणे आहे. पाट्या वाचता येतील एवढी भाषा लवकर शिका. पण ज्या गोष्टींची पाटी लावलेली नसते, त्या शेजाऱ्याला विचारून शिका. पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न बावळटपणाचा दिसतो, पण तो फुकट असतो. पुढे त्याच प्रश्नाचे उत्तर फार महाग पडते.

आणि आपण जे येथे आहोत, ते तर यजमान आहोत. दरवर्षी लाखो पाहुणे गोव्यात येतात, भाड्याची दुचाकी घेतात आणि आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर निघतात. आपल्याही रस्त्यांवर न आखलेल्या रेषा पुष्कळ आहेत. कोणत्या वळणावर सकाळी पोदेराची सायकल येते, कोणत्या उतारावर पावसाळ्यात शेवाळ धरते, कोठे शाळेची मुले एकदम रस्त्यावर येतात, हे आपल्याला ठाऊक असते, त्यांना नसते. एखादा पाहुणा चुकला, तर भोंगा वाजवण्यापूर्वी त्या फ्रेंच बाईंचा वर केलेला उजवा हात मला आठवतो. त्यांनी मला शिवी दिली नाही, नियम दाखवला.

शेवटी सरांकडे येतो. शाळेच्या खालच्या अंगाला व्हाळावर एक अरुंद साकव होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका वेळी एकानेच जावे एवढीच त्याची रुंदी. सर सायकलवरून येत. पलीकडून डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली बाई येताना दिसली, की सर अलीकडे सायकलवरून उतरून उभे राहत. एकदा आम्ही मुले त्यांच्याबरोबर होतो आणि शाळेची घंटा होत आली होती. आमच्यातला एक म्हणाला, “सर, आपण आधी आलो होतो.” सर म्हणाले, “आधी कोण आला, हे नाही पाहायचे. ओझे ज्याच्या डोक्यावर, वाट त्याची.”

तेथे पाटी नव्हती. पुढे मी परदेशी कायद्याची पुस्तके चाळली, बादँतेर यांच्या कायद्याविषयी वाचले, तेव्हा मला तो साकव आठवला. जे शिकायला मला तुलूझपर्यंत जावे लागले, ते सरांनी मला शाळेच्या दारात, घंटा चुकवून, शिकवले होते. मी ते विसरलो होतो, एवढेच.

त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी माझे भाषण संपवतो.